ऐंशी नंबरचा पोर्ट

माझी बायको इनायात मला भित्रा म्हणते. ते खरं नाही. मी विमा कंपनीत आहे, एवढंच. अलेक्झांड्रियातल्या एका सागरी विम्याच्या कचेरीत बसून आयुष्यभर मी बोटी कशाकशाने बुडतात हे वाचत आलोय. आग, वादळ, खडक, सैल झालेला एखादा बोल्ट, सिगारेट पेटती ठेवून झोपलेला खलाशी. इतकं वाचल्यावर माणूस ओल्या न्हाणीघरातसुद्धा भिंत धरून चालतो. ह्याला भित्रेपणा म्हणत नाहीत, अनुभव म्हणतात.

अशा माणसाने सात मच्छीमार बोटींचे निरोप पोचवण्याचं काम अंगावर घेऊ नये, हे मला आज कळतं. पण त्या शुक्रवारी जेवायला झिंगे होते, आणि झिंगे पोटात गेले की मी उदार होतो. माझा मेहुणा मेतवल्ली एका बोटीचा रय्यस, म्हणजे कप्तान. त्याने बोटीवर उपग्रहाशी बोलणारा एक डबा बसवून घेतला होता. किनाऱ्यापासून लांब, जिथे फोन मुका होतो, तिथूनही त्या डब्यातून दोन ओळी पाठवता येत. फक्त त्या ओळी घरच्यांच्या फोनवर आणून सोडणारं मध्ये कुणीतरी हवं होतं.

"त्यात काय आहे?" झिंग्याचं शेपूट ताटाच्या कडेला ठेवत मी म्हणालो. "मी करून देतो."

आणि खरोखरच करून दिलं. क्लाउडवर एक संगणक भाड्याने घेतला, सुट्ट्यांमागून सुट्ट्या त्याच्यापुढे घालवल्या आणि निरोप्या तयार केला. बोटीचा निरोप घरी, घरचा निरोप बोटीवर. मेतवल्लीची बायको शौकिया आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर राहते. तिने विचारलं, "हा क्लाउड म्हणजे नक्की कुठे?" मी वर आकाशाकडे बोट दाखवलं. तो जर्मनीतल्या एका गोदामात आहे असं सांगितलं असतं, तर तिचा विश्वास बसला नसता. मेतवल्लीचं बघून आणखी सहा बोटींच्या घरच्यांनी निरोप्या घेतला. गल्लीत मला ‘बाशमुहंदिस’ म्हणू लागले, म्हणजे बडे इंजिनियर. मी कारकून आहे. पण मी कुणाची चूक सुधारली नाही.

नोव्हेंबरातल्या वादळाला आमच्याकडे ‘झाडू’ म्हणतात. दरवर्षी ठरल्यासारखं येतं आणि समुद्र झाडून काढतं. त्या वर्षी झाडू ठरलेल्या वेळेआधीच निघाला, आणि सातही बोटी बाहेर होत्या.

सकाळी मी कचेरीला निघण्यासाठी बूट घालत होतो. गॅलरीतली धुण्याची दोरी शिट्ट्या मारत होती. तेवढ्यात शौकिया जिना चढून आली. हाताला पीठ लागलेलं, आणि त्याच हातात फोन.

"रऊफ, हे बघ. हे मेतवल्लीने पाठवलंय का?"

फोनचा पडदा लालभडक होता. त्यावर लिहिलं होतं: ‘धोका! पुढे जाऊ नका. सुरक्षित ठिकाणी परत फिरा.’

"नाही, नाही," मी म्हणालो. "हे मेतवल्लीचं नाही. हे फोन स्वतःच सांगतोय."

"फोनला कसं कळलं?"

"काय कळलं?"

"की तो धोक्यात आहे!"

"तो नाही गं, निरोप्या. निरोप्याकडे एक दाखला असतो. मीच तो खरा निरोप्या, असा. तो दाखवला तरच फोन त्याला घरात घेतो. त्याची मुदत संपलीय."

शेवटचं वाक्य मी चुकीच्या जागी सुरू केलं. शौकियाने फक्त ‘त्याची मुदत संपलीय’ एवढंच ऐकलं आणि ती मटकन पायरीवर बसली. तिच्या तोंडून निघालेली किंकाळी गच्चीपर्यंत गेली. गच्चीवरची कबुतरं उडाली. जिन्यातले सगळे दरवाजे उघडले आणि प्रत्येक दारातून एक डोकं बाहेर आलं. उरलेल्या बोटींच्या बायकाही एकेक करून येऊ लागल्या. त्यांचेही फोन लाल.

मी कचेरीत फोन करून सांगितलं की पोट बिघडलंय. ते खोटं नव्हतं.

दाखला नवा करणं ही तशी साधी गोष्ट. निरोप्या ते आपलं आपणच करतो. दाखला देणारा तपासनीस येतो, ऐंशी नंबरच्या दारावर टकटक करतो, आत कुणी आहे का बघतो, आणि दाखला देऊन जातो. संगणकाच्या ह्या दारांना पोर्ट म्हणतात. मी बघितलं, तर तपासनीस येऊन गेला होता, पुन्हा आला होता, आणि प्रत्येक वेळी दार बंद बघून परत गेला होता. ऐंशी नंबरचा पोर्ट कुणी बंद केला? मी नाही. ज्यांच्याकडून संगणक भाड्याने घेतला त्या कंपनीने. का? ‘आपल्या सुरक्षिततेसाठी.’ जुन्या सर्व ग्राहकांचे हे पोर्ट आम्ही बंद केले आहेत, उघडायचा असल्यास पाठवलेला गुप्त आकडा कळवा.

गुप्त आकडा कुठे पाठवला होता? मी शोधलं. मग पुन्हा शोधलं. मग चष्मा काढून पुसला. कंपनीकडे संपर्काचा पत्ता म्हणून मी मोठ्या अभिमानाने निरोप्याचाच पत्ता दिला होता. आकडा तिकडे गेला होता. आणि लाल दारामागे बसला होता.

"म्हणजे किल्ली घरात आणि घराला कुलूप," इनायात म्हणाली. "हे तूच केलंस ना?"

"पत्ता भरवशाचा होता," मी म्हणालो.

एवढ्यात हाजी बयूमी आत आले. ते समोरच्या घरात राहतात. जन्मभर जकात खात्यात होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण समोरच्याची पिशवी बघितली की अजून त्यांची नजर आत जाते. "पोर्ट बंद आहे असं ऐकलं," खुर्ची ओढत ते म्हणाले. "कोणता पोर्ट?"

"ऐंशी नंबरचा, हाजी."

"आपल्याकडे इतके धक्के नाहीत."

"हा तो पोर्ट नाही, हाजी. हा संगणकातला."

"बाशमुहंदिस, पोर्ट म्हणजे काय ते मला शिकवू नकोस. माल आत येतो, माल बाहेर जातो, मध्ये एक माणूस बसतो आणि नाही म्हणतो. तो माणूस मी होतो. तुला सांगतो, अर्ज करू नकोस. अर्ज केलास की त्याला नाही म्हणायला कागद मिळतो. थेट आवाज चढव. आवाज चढला की मी स्वतः घाबरून शिक्का मारायचो."

मला आवाज चढवण्याची सवय नाही. पण बाहेर वारा वाढत होता. शौकिया स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून फोनमध्ये काहीतरी लिहीत होती. लिहिलेलं जात नव्हतं, प्रत्येक ओळीपुढे एक छोटं घड्याळ उमटत होतं, आणि तरी ती लिहीतच होती. इनायात धुतलेले कप पुन्हा धूत होती. मेतवल्ली तिचा एकुलता एक भाऊ. मी बोटींचे इतके शेवट वाचलेत की वाऱ्याच्या आवाजावरून मला फाइलीतली वाक्यं ऐकू येतात. ‘शेवटचा संपर्क सकाळी.’ ‘त्यानंतर काही कळले नाही.’ ती वाक्यं डोक्यातून हाकलण्यासाठी मी कंपनीला फोन लावला.

आमच्या घरात फोनला चांगली रेंज फक्त गॅलरीत येते, तीही कठड्यावरून थोडं वाकलं तर.

पलीकडे लारा नावाची बाई होती. बातम्या देणाऱ्या बाईसारखी ती इतकी शुद्ध बोलत होती की मीही नकळत सरळ उभा राहिलो.

"आपणांस झालेल्या असुविधेबद्दल आम्ही खेद व्यक्त करतो. आपली समस्या काय आहे?"

"पोर्ट बंद आहे!"

"क्षमस्व, वाऱ्यामुळे आपला आवाज स्पष्ट येत नाही."

मी हाजींकडे पाहिलं. त्यांनी हात वर करून खूण केली: चढव.

"पोर्ट बंद आहे!" मी सगळा जीव एकवटून ओरडलो. "पूर्ण बंद! आत काही येत नाही, बाहेर काही जात नाही! सात बोटींची माणसं अडकलीत! हो, आज सकाळपासून! वरूनच बंद केलाय! सुरक्षिततेसाठी म्हणे!"

खाली रस्त्यावर इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी केली आणि वर बघितलं. त्याच्या शेजारी मासळी बाजाराकडे निघालेली एक तीनचाकी थांबली होती. तिच्या चालकानेही वर बघितलं. मग ती तीनचाकी फार वेगाने निघून गेली. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही.

लारा म्हणाली, "आपण आपणच आहात, हे कृपया सिद्ध करावे. आमचा ओळख विभाग काही वेळाने आपणांस दृश्य संभाषणाकरिता संपर्क करील. पारपत्र हाताशी ठेवावे. आपला दिवस आनंदात जावो."

पारपत्र शोधण्यात बराच वेळ गेला. ते इनायातने चोरांच्या भीतीने जिथे ठेवलं होतं तिथून मी चोरांच्या भीतीने दुसरीकडे हलवलं होतं. मी कपाटाखाली आडवा पडलेलो असताना शौकिया पुन्हा धावत आली. ह्या वेळी तिला नीट रडताही येत नव्हतं.

"रऊफ, बंदर बंद झालं! सगळा बाजार तेच बोलतोय. धक्क्यावरून बोटींना रेडिओवर सांगितलंसुद्धा, पण तिकडून उत्तर ऐकू येत नाही. आता ते आत कसे येणार?"

पोर्ट बंद होताच, आता बंदरही बंद! "कुणी सांगितलं?" मी कपाटाखालूनच विचारलं.

"कुणीतरी मोठा अधिकारी म्हणे. ओरडून सांगत होता. आत काही येत नाही, बाहेर काही जात नाही, वरून हुकूम आलाय."

"देवा!" मी म्हणालो. माझीच आरोळी गावभर फिरून मला भेटायला आली होती, आणि मी तिला ओळखलं नाही. उलट कपाटाखाली तसाच पडून मी विचार करत राहिलो, की इतक्या सकाळी बंदर बंद करतात म्हणजे समुद्र किती खवळला असेल.

ओळख पटली ती दुपारी, भुऱ्या जॅकेटातले एक गृहस्थ दारात आले तेव्हा. आवाज मऊ, बूट स्वच्छ. आमच्याकडे इतक्या मऊ आवाजाचा अनोळखी माणूस दारात आला की जिन्यातली डोकी आपोआप आत जातात. तशी गेली. हाजी बयूमींना अचानक नमाजाची आठवण झाली.

"उस्ताज रऊफ? मी शाकिर. बंदराच्या सुरक्षेकडून. पाचच मिनिटं."

त्या ‘पाचच मिनिटं’ची ख्याती मला माहीत होती. मी आत जाऊन स्वेटरवर स्वेटर चढवला आणि दातांचा ब्रश खिशात टाकला.

शाकिर बे सोफ्यावर बसले. (अशा साहेबांना आमच्याकडे पाठीमागे ‘बे’ आणि तोंडावर ‘बाशा’ म्हणतात.) "असं आहे," ते म्हणाले, "वाऱ्यामुळे बंदराचं तोंड बंद करायचं, हा निर्णय दुपारी व्हायचा होता. तो झालाही. पण तुमच्या गॅलरीतून तो सकाळीच जाहीर झाला. वरच्यांना फक्त एवढंच जाणून घ्यायचंय, की तुम्हाला आधी कुणी सांगितलं?"

"बाशा," मी म्हणालो, आणि माझा आवाज लाराच्या फोनवरच्या आवाजासारखा लांबून आला, "तो पोर्ट वेगळा. तो ऐंशी नंबरचा."

"ऐंशी नंबरचा." त्यांनी मान डोलावली. "म्हणजे आणखी एकोणऐंशी आहेत?"

"नाही, बाशा. पासष्ट हजार आहेत."

आत स्वयंपाकघरात कप फुटला.

"आणि ते कुणाच्या ताब्यात?"

"माझ्या. पण मी सगळे बंद ठेवलेत, बाशा! बाकीचे मी कधीच उघडले नाहीत! बायकोला विचारा!"

शाकिर बेंनी माझ्याकडे फार वेळ बघितलं. तीस वर्षं मी दावे नाकारताना समोरच्याकडे जसं बघतो तसंच. मग इनायात कॉफी घेऊन आली. ट्रे तिने त्यांच्यापुढे ठेवला. "बाशा, माझा भाऊ समुद्रात आहे. सकाळपासून त्याचा निरोप नाही. ह्यांनी जे केलं ते त्याच्यासाठी केलं. न्यायचं तर न्या ह्यांना, पण आधी तो निरोप येऊ द्या."

‘न्यायचं तर न्या’ हे ती जरा चटकन बोलली असं मला वाटलं. पण ती वेळ मन दुखावून घेण्याची नव्हती.

शाकिर बे उत्तर देणार, तोच माझा संगणक वाजला. ओळख विभाग. पडद्यावर लाराहूनही शुद्ध बोलणारा एक तरुण.

"कृपया पारपत्र कॅमेऱ्यासमोर धरावे. धन्यवाद. महोदय, पारपत्रावर आपल्या नावात एक इंग्रजी ‘ओ’ अधिक आहे. आमच्याकडील नोंदीत तो नाही. म्हणून आपण ते नाही आहात."

"मी तोच आहे! पासपोर्टवाल्याने तसं लिहिलं, मी दुसरीकडे असं लिहिलं, पण मी तोच!"

"आपले म्हणणे आम्हांस समजते. तथापि आपण ते नाही आहात. आपणांस ओळखणारी एखादी जबाबदार व्यक्ती तेथे उपस्थित आहे काय?"

मी वळून बघितलं. हाजी नमाजाला गेलेले. दारात शौकिया, पण ती माझ्याबद्दल काय सांगेल ह्याचा भरवसा नव्हता. आणि सोफ्यावर शाकिर बे, कॉफीचा कप ओठांपाशी थांबलेला.

"बाशा," मी म्हणालो. आयुष्यात इतकं धाडस मी पहिल्यांदाच करत होतो. "आपण माझी ओळख तपासूनच आलात ना?"

"मी?" ते दचकले. "माझा चेहरा जर्मनीत जाणार?"

"फक्त पाचच मिनिटं, बाशा," इनायात म्हणाली.

खिडकीची काच वाऱ्याने खडखडली. शौकियाने ओढणीने तोंड दाबलं होतं. शाकिर बेंनी तिच्याकडे पाहिलं, कप खाली ठेवला, जॅकेटची बटणं लावली, आणि कॅमेऱ्यात जितकं कमी दिसता येईल तितकं वाकून माझ्या शेजारी आले.

"मी सरकारी अधिकारी आहे," ते पडद्याला म्हणाले. "ह्या माणसाचं जन्मगाव, शाळा, कचेरी, सासर, सगळं मी आज तपासलंय. ह्याच्या हातून काही घडेल असा हा माणूस नाही. हा रऊफच आहे. दुसरा कुणी असायची ह्याची हिंमत नाही."

तरुणाने आभार मानले. माझ्या बाजूने बोललेलं, आणि तरी मनाला इतकं लागलेलं, असं मी त्याआधी काही ऐकलं नव्हतं. पण ऐंशी नंबरचा पोर्ट उघडला. तपासनीस आला, टकटक केली, आत मी होतो. नवा दाखला मिळाला.

मग एक क्षण काहीच झालं नाही. तेवढ्या वेळात मी बोटींचे सगळ्या प्रकारचे शेवट पुन्हा एकदा वाचले.

आणि शौकियाच्या हातातला फोन वाजला. जिन्यात दुसरा वाजला, तिसरा वाजला, मग मोजता येईनात इतके वाजले, आणि बायका एकमेकींना ढकलत ओरडू लागल्या. शौकियाला वाचता येईना, डोळे भरलेले. इनायातने वाचलं: "रेडिओवर कळलं बंदर बंद. सातही बोटी अबू कीरच्या खाडीत आडोशाला नेल्या. फोन लागत नाही. नांगर टाकलाय. सगळे ठीक. उत्तर का देत नाहीस? रागावलीस?"

निरोप सकाळचा होता. बंदराचं तोंड खरोखर बंद व्हायच्या कितीतरी आधीचा.

शाकिर बेंनी तो माझ्या खांद्यावरून वाचला. ‘रेडिओवर कळलं’ ह्या शब्दांपाशी ते थांबले. माझी आरोळी तिथवर गेली नसती आणि बंदराकडेच फिरल्या असत्या, तर बोटी बंदराच्या तोंडाशी कधी पोचल्या असत्या आणि तिथे लाटा कशा असत्या, ह्याचा हिशेब त्यांनीही केला असणार, कारण मी केला होता. मी खिशातला ब्रश चाचपला.

"कॉफी छान होती," ते इनायातला म्हणाले. "आज सकाळी बंदर कुणी बंद केलं, ह्याचा तपास चालू राहील. बहुधा बराच काळ." आणि गेले. पुन्हा आले नाहीत, पण दारावर मऊ टकटक झाली की मी अजून आधी स्वेटर घालतो.

खरी गडबड त्यानंतर झाली. शौकियाने डोळे पुसले, फोनकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा सकाळपेक्षा पांढरा पडला. ओळींपुढची ती छोटी घड्याळं एकेक करून नाहीशी होत होती. दिवसभर तिने जे जे लिहिलं होतं ते सगळं आता बोटीकडे निघालं होतं.

"रऊफ! परत बोलाव!"

"काय?"

"माझे निरोप! मला वाटलं तो गेला! मी काय काय लिहिलंय त्यात! ज्या माणसाशी मी वीस वर्षं धड गोड बोलले नाही, तो हे वाचणार? परत आण ते!"

तिच्या मागे बाकीच्या सहाही जणी. प्रत्येकीचा चेहरा तसाच. मेलेल्या नवऱ्याला लिहिलेली पत्रं जिवंत नवऱ्याच्या हातात पडणार होती. मी समजावलं, की सुटलेला निरोप परत येत नाही. फार तर निरोप्याकडे राहिलेली नक्कल पुसता येईल. "मग ती पूस," शौकिया म्हणाली, "आणि त्याच्या डब्यातलीही पूस. नाहीतर बंदर कुणी बंद केलं ते मी स्वतः जाऊन त्या भुऱ्या जॅकेटाला सांगेन."

वारा पडल्यावर मेतवल्ली घरी आला. दाढी वाढलेली, अंगाला डिझेलचा वास. वर येऊन त्याने मला एकट्याला गॅलरीत नेलं, दार लावून घेतलं आणि बराच वेळ कठड्याकडे बघत राहिला. मला वाटलं, अफवेचं कळलं, आता हा मला कठड्यावरून खाली टाकणार.

"त्या डब्यातले निरोप," तो शेवटी म्हणाला, "आपोआप पुसले जातात का?"

"महिन्याभराने जातात."

"जाणार नाहीत असं करता येईल?" मान वर न करता तो म्हणाला. "तिचे. बाकीचे गेले तरी चालतील."

मी ते त्याच्या फोनात नीट जपून ठेवले, कुलूप लावून. शौकियाला सांगितलं, पुसले. विम्यात आम्ही अशा परिस्थितीला दोन्ही बाजूंनी उघडी जोखीम म्हणतो.

परवा ती आमच्याकडे तळलेले मासे घेऊन आली. मेतवल्ली आधीच येऊन बसला होता. ताट ठेवता ठेवता तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "पुसलेस ना रे ते सगळं?"

"सगळं," मी म्हणालो.

मेतवल्लीने चहाच्या पेल्यात बघायला सुरुवात केली. त्याचे कान लाल होत गेले. शौकियाने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. मी डोळे मिटून घेतले. जरा वेळाने ताटाचा आवाज आला म्हणून मी एक डोळा उघडला, तर ती सगळ्यात मोठ्या माशाचे काटे काढून तो त्याच्या ताटात वाढत होती.